तेहतिसावा डबा

पहाटे ४.५०

पुण्यातली धायरी. डिसेंबरचा गारठा. जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दिवा लागतो. ताई उठल्या की आधी गॅसकडे जात नाहीत. भिंतीकडे जातात. दोन्ही तळवे भिंतीला टेकवायचे, एक पाय मागे, टाच जमिनीला घट्ट. तीसपर्यंत मोजायचं. मग दुसरा पाय. टाच दुखायला लागून दीड वर्ष झालं. रोज सहा-सात तास फरशीवर उभं राहून काम. डॉक्टरांनी गोळ्या थोड्या दिल्या आणि हा व्यायाम सांगितला. घरात घालायला मऊ चपला सांगितल्या. साडेतीनशे रुपयांच्या चपला. त्या घ्यायला ताईंनी दोन महिने लावले. नवा मोठा कुकर त्याच काळात लगेच आला होता, कारण तो जेवणाच्या डब्यांच्या धंद्याला लागत होता.

५.१०

काल सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधलेली मटकी उघडून बघतात. थंडीत मोड लवकर येत नाहीत. म्हणून गाठोडं डब्यात, डबा जुन्या शालीत. आज मोड थोडे कमी, पण चालतील.

घरचे डबे आधी. नवरा भोसरीच्या कारखान्यात, पहिली पाळी. कंपनीची बस पावणेसहाला फाट्यावर येते. रात्रीची भाजी त्यांना नको असते, म्हणून दोन थालीपिठं आणि दही. पाण्याच्या बाटल्या ते स्वतः भरतात. पाठीवर सॅक टाकताना विचारतात, "आज किती?"

"बत्तीस. पाच उपवासाचे."

मार्गशीर्षातला गुरुवार आहे.

६.३०

मुलगी उठते. नऊ वर्षांची, चौथीत. तव्यावर नाचणीचं घावन आहे. सोबत ओल्या नारळाची चटणी.

"आई, आज परत घावन?"

"आज गुरुवार. उद्या शुक्रवार. उद्या तुझा दिवस."

शुक्रवारचा डबा मुलगी ठरवते. नूडल्स म्हणाली तर नूडल्स. सुरुवातीला ताई त्यातही गाजर, कोबी लपवायच्या. मग मुलीने डबा न खाता परत आणायला सुरुवात केली. आता शुक्रवारी काही लपवत नाहीत आणि बाकीचे चार दिवस वाद होत नाही. माझ्या मते हा करार पुष्कळ आहारतज्ज्ञांच्या तक्त्यांपेक्षा बरा चालतो.

घावनाचं कारण साधं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. मुलगी दूध पीत नाही.

७.०५

स्कूलबस. वेणी जिन्यात पुरी होते.

७.२०

फोन बघायची वेळ. आदल्या रात्री आठपर्यंत डबे पक्के होतात, सकाळी साडेसातपर्यंत रद्द करता येतात. आज एक रद्द, एक वाढला. आकडा तोच. नांदेड सिटीतल्या एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलंय, "सासऱ्यांना शुगर आहे. ज्वारीच्या भाकरीने कमी होईल ना?" ताई बोलून निरोप पाठवतात. "भाकरी दोनच खायला द्या. उसळ आणि कोशिंबीर पूर्ण संपवायला सांगा. औषध डॉक्टर सांगतील तसंच चालू ठेवा." २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून अशा चौकशा वाढल्या. त्या वेळी एकाने सल्ला दिला होता, 'मधुमेहमुक्ती थाळी' असं नाव द्या, दर दीडशे लावा. ताईंनी नाव दिलं नाही. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर फक्त तीन गोष्टी आहेत: त्या दिवसाचे पदार्थ, अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक आणि 'दुपारी दोनच्या आत खा'.

८.१०

दोघी मदतनीस येतात. भाकऱ्यांच्या मावशी नऱ्ह्याहून चालत. त्यांना भाकरीमागे तीन रुपये. दुसऱ्या बाई चिरायला आणि भांड्यांना, बारापर्यंत. त्यांना महिन्याला पाच हजार. ताई दोघींना आधी चहा आणि कालचं एकेक थालीपीठ देतात. मावशींचा आज उपवास. त्यांच्यासाठी राजगिऱ्याचा लाडू.

मेथीच्या वीस जुड्या काल रात्री सासूबाईंनी निवडून ठेवल्यात. हिवाळ्यात जुडी दहा रुपयांना मिळते. मे महिन्यात हीच जुडी तीसला जाते आणि निम्मी पिवळी निघते. मेथी तीन पाण्यांतून काढायची. पहिल्या पाण्याच्या तळाशी बोटभर माती बसलेली असते.

धाकटा उठतो. साडेतीन वर्षांचा. सासूबाई त्याला दूधपोळी भरवून अंगणवाडीत नेऊन सोडतात. जाताना तो स्वयंपाकघराच्या दाराशी थांबतो. दाराला गुडघ्याएवढी लाकडी फळी लावली आहे. त्या फळीच्या आत आठ ते साडेअकरा त्याला प्रवेश नाही. उकळतं पाणी, तापलेले तवे. फळीवरून हात करून पापा घेतो आणि निघतो.

९.००

दोन शेगड्या पेटतात. लाल सिलिंडर घरचा, निळा धंद्याचा. निळा १९ किलोचा. बत्तीस डब्यांना साधारण बारा दिवस पुरतो. ताई सिलिंडरवर खडूने लावल्याची तारीख लिहितात.

तेल पळीने नाही, मापाने. डब्यामागे चहाचे दोन चमचे. बत्तीस डब्यांना सव्वातीनशे मिलिलीटर. ते सकाळीच एका स्टीलच्या भांड्यात काढून ठेवतात. त्या भांड्यातलं संपलं की संपलं. मिठाचंही तसंच. दिवसभरात एका माणसाच्या पोटात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुपारच्या डब्यात ताई दोन ग्रॅमच्या आत राहतात. भाकरीत मीठ नाही, लोणचं नाही, पापड नाही. पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या, अळणी लागतं म्हणून. त्यांनी मीठ वाढवलं नाही. लिंबाची फोड वाढवली. फोडणीत लसूण वाढवला. मटकीत भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण आणि आमसूल घातलं. तक्रारी थांबल्या. तीन गिऱ्हाइकं गेली, ती परत आली नाहीत.

मोहरी तडतडली की मागच्या खोलीत सासूबाईंना ठसका लागतो. एक्झॉस्ट पंखा बाविसशेचा. तो लावायला हवा हे ताईंनी या हिवाळ्यात चारदा तरी म्हटलं असेल.

उपवासाचे पाच डबे वेगळ्या शेगडीवर. वरईचा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि राजगिऱ्याच्या पिठाचं, थोडा उकडलेला बटाटा घातलेलं थालीपीठ. साबुदाणा त्या देत नाहीत. "नुसता स्टार्च. वर तूप आणि बटाटा. त्यापेक्षा राजगिरा बरा, त्यात लोह तरी आहे." पाचही डबे नोकरी करणाऱ्या बायकांचे आहेत.

९.५५

भाकऱ्या. आज बाजरीच्या. सत्तावीस डब्यांच्या चोपन्न, वर घरच्या सहा.

मावशी मोठी परात घेऊन पाटावर बसतात. पिठात आळं करतात, गरम पाणी ओततात, उलथन्याने कालवतात. मग तळहाताच्या टाचेने मळायला सुरुवात. इथे घाई चालत नाही. पीठ नीट मळलं नाही तर भाकरीच्या कडा चिरतात. बाजरीचं पीठ चार-पाच दिवसांच्या वर ठेवलं की कडवट होतं, आणि जुन्या ज्वारीची विरी जाते, भाकरी थापताच फाटते. म्हणून दळण दर तीन दिवसांनी. बाहेरच्या गिरणीत किलोला आठ रुपये द्यावे लागायचे आणि आधीच्या माणसाचा गहू त्यात मिसळायचा. बचत गटातून कर्ज काढून ताईंनी घरघंटी घेतली. महिन्याला अडीच हजारांचा हप्ता. अजून सात बाकी.

गोळा हातात गोल होतो. परातीत कोरडं पीठ भुरभुरतं. उजवा हात थापतो, डावा कडेने वळवतो. भाकरी फिरत फिरत वाढते. मावशी मोजत नाहीत, पण सगळ्या भाकऱ्या एका मापाच्या. मग दोन्ही हातांवर उचलून ताईंकडे.

ताई दोन तव्यांवर. पिठाची बाजू वर, लगेच पाण्याचा हात. पाणी सुकत आलं की उलटायची. ती बाजू पुरती भाजली की थेट जाळावर. फुगली की चिमट्याने कड धरून फिरवायची. एक भाकरी दोन मिनिटं. एक उलटेपर्यंत दुसरी तयार. बोलणं कमी. "ताई, पाणी." "मावशी, जरा पातळ." दहा-वीस भाकऱ्यांनंतर दोघींचे श्वासही थापण्याच्या ठेक्यात येतात.

मावशींचं मनगट दुखतं. वीस वर्षं थापतायत. ताईंनी भाकरी थापायच्या यंत्राची चौकशी केली होती. त्यातली भाकरी जाड होते आणि दुपारपर्यंत कडक होते. शिवाय मावशींचे दिवसाचे पावणेदोनशे रुपये जातात. यंत्र आलं नाही. त्याऐवजी दर पंधरा भाकऱ्यांनी दोघी जागा बदलतात. ताई थापतात, मावशी भाजतात. दर मात्र सगळ्या भाकऱ्यांचा मावशींनाच.

१०.५०

चटईवर बत्तीस डबे उघडे. तीन पुडांचे, स्टीलचे. खाली भाकरी, मधे उसळ, वर भाजी. कोशिंबीर आणि लिंबू छोट्या डबीत. भाकऱ्या आधी जाळीवर निवू द्यायच्या, गरम भरल्या तर वाफेने ओल्या होतात. उसळ मापाच्या वाटीने. मेथी चिमट्याने, कारण पळीने कमी-जास्त होते.

बत्तीस झाले की ताई तेहतिसावा डबा ओढतात. त्याला पिवळी रिबीन आहे. दोन भाकऱ्या, उसळ, मेथी, कोशिंबीर, लिंबू. झाकण लावून फ्रिजवर ठेवतात. हा त्यांचा स्वतःचा.

११.१५

डबे पोचवणारा मुलगा येतो. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळचं कॉलेज. स्वतःची स्कूटर. डब्यामागे बारा रुपये, पेट्रोल त्याचं.

"काकू, फाट्यावर खोदलंय. आनंदनगरला वीस मिनिटं उशीर होईल."

"मग आनंदनगर आधी कर. वडगाव जवळ आहे."

सोळा डबे एका फेरीत. दोन फेऱ्या.

११.४०

ताई बसून जेवतात.

हे वाक्य वाटतं तेवढं साधं नाही. धाकटा झाल्यावर वर्षभरात ताईंना जिना चढताना धाप लागायला लागली. केस गळत होते. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. बारापेक्षा कमी म्हणजे रक्त कमी. ज्या बाई रोज बत्तीस घरांना मोड आलेली कडधान्यं आणि पालेभाजी पोचवत होत्या, त्यांचं स्वतःचं जेवण म्हणजे दुपारी तीनला उरलेला रस्सा आणि कोर पोळीची, उभ्याने, वर चहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं होतं, ५४ टक्क्यांच्या आसपास. हा आकडा डॉक्टरीणबाईंनी सांगितला नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्या गिऱ्हाइकांना डब्यात उरलंसुरलं भरून देता का?" ताई म्हणाल्या, "नाही." "मग?"

तेव्हापासून तेहतिसावा डबा. डबे बाहेर पडले की लगेच, पाटावर बसून, मांडीवर फोन न घेता. लोहाची गोळी संध्याकाळी. जेवणावर चहा बंद, कारण चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. लिंबाने जास्त लागतं. मागच्या तपासणीत ११.६ आलं. अजून बाराला टेकलेलं नाही.

मावशी समोर बसून वरईचा भात खातात. वीस मिनिटं घरात भांड्यांचाही आवाज नाही.

१२.१५

धाकटा परत. ओटा, फरशी, तवे. निळ्या सिलिंडरचा कॉक बंद. लाकडी फळी निघते.

१.३०

धाकट्याशेजारी ताई आडव्या होतात. चाळीस मिनिटांचा गजर. सासूबाई दाराची बेल काढून ठेवतात.

२.४५

आठवड्यातून दोनदा भाजणी. आज तीन किलोची ऑर्डर. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभराडाळ, उडीद, थोडे गहू, धणे, जिरं. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. एकत्र टाकलं तर जिरं करपतं आणि हरभराडाळ कच्ची राहते. जाड बुडाची कढई, मंद आच, हात थांबवायचा नाही. उडीद भाजत आल्याचं वासावरून कळतं. तासभर तरी लागतो. उजवा खांदा भरून येतो, मग डावा हात.

भाजणी दोनशे साठ रुपये किलो. मॉलमध्ये याहून महाग आहे आणि याहून स्वस्तही. स्वस्त भाजणीत तांदूळ जास्त असतो. ताईंच्या भाजणीत ज्वारी-बाजरी निम्मी. गार झाली की घरघंटीत. घंटीचा आवाज सुरू झाला की धाकटा कान धरून नाचतो.

४.३०

रिकामे डबे परत येतात. नवराही पाळीवरून परतलेला असतो. दोघं मोरीत बसतात.

आज बत्तीसपैकी बारा डबे विसळून आलेले. वीस तसेच. उसळीचा रस्सा वाळून तळाला चिकटलेला. एकात भाकरीचा तुकडा भिजून झाकणाला थापलेला. एकात सिगारेटचं थोटूक. ताई तो डबा बाजूला ठेवतात, त्याच्यावर गरम पाणी आणि सोडा. काही बोलत नाहीत. नवरा बोलतो. बत्तीस डबे विसळलेले असते तर अर्ध्या तासात उरकलं असतं. तसे नसतात, म्हणून सव्वा तास लागतो. थंड पाणी. ताईंच्या नखांच्या कडेने चिरा पडल्यात, तिथे साबण झोंबतो. रात्री त्या खोबरेल लावतात.

प्रत्येक गिऱ्हाइकामागे दोन डबे लागतात, एक गेलेला आणि एक आलेला. साडेतीनशेला एक डबा. प्लास्टिकच्या फेकून द्यायच्या डब्यात भरलं तर डब्यामागे सात-आठ रुपये आणि सव्वा तास मोकळा. ताईंनी तेही महिनाभर करून पाहिलं. गरम उसळ प्लास्टिकमध्ये ओतताना त्यांचा हात अडायचा. परत स्टीलवर आल्या.

५.५०

मंडईला जायचं ते चालत, आणि मुलीला घेऊन. स्कूटर घरी. जायला वीस मिनिटं, यायला पंचवीस. यायला पिशव्या असतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा ताईंनी सकाळचा वेळ शोधला, सापडला नाही. मग बाजारच चालत करायचा ठरवला. जड माल सकाळी भाजीवाला टेम्पोने टाकतो, तीस रुपये जास्त घेऊन. आज हातात फक्त गाजरं, कोथिंबीर, पन्नास लिंबं.

रस्त्याने मुलगी पाढे म्हणते. तेराचा अडतो. तेरा साते एक्क्याण्णव वर थांबते. ताई भाव करता करता पुढचं सांगतात, "तेरा आठे चारोदरशे." भाजीवाली हसते आणि दोन लिंबं वर टाकते.

७.००

घरचं जेवण लवकर, सगळे एकत्र. मुगाची खिचडी, कढी, गाजराची कोशिंबीर. मुलगी कोशिंबिरीतले दाणे वेचून खाते. सासूबाईंच्या ताटात भाकरी दुधात कुस्करून.

८.१५

वही. शंभर पानी, उभ्या रेघांची. ताई रोज लिहितात. वर्षभराची सरासरी काढून एका डब्याचा हिशेब पहिल्या पानावर आहे. पीठ सात. भाकरीची मजुरी सहा. उसळ दहा. भाजी चौदा. कोशिंबीर-लिंबू सात. गॅस साडेचार. पोचवणं बारा. वीज, साबण, फोन साडेतीन. झाले चौसष्ट. चिरणं-भांडी सहा. सत्तर. डबा शंभरचा. उरले तीस.

दोन वर्षं त्या या तीस रुपयांना नफा म्हणायच्या. बत्तीस डब्यांचे दिवसाला नऊशे साठ. मग बचत गटात हिशेब शिकवायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्या जागी दुसरी बाई ठेवली तर तिला काय द्याल?" ताईंनी त्या रात्री दोन ओळी नव्या लिहिल्या. माझे तास: नऊ, तासाला पंचाहत्तर, म्हणजे डब्यामागे एकवीस. माझं ताट: डब्यामागे दोन. आता उरले सात. सात रुपयांत घरघंटीचा हप्ता, मूल आजारी पडलं की बुडणारे दिवस, पोचे पडलेले डबे.

या दोन ओळी मला साऱ्या वहीत सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. त्या नव्हत्या तोवर धंदा चालत होता तो ताईंच्या रक्तावर, आणि वहीत त्याची नोंद नव्हती.

८.४०

ताई फोन हातात घेतात. निरोप चार वेळा लिहून पुसलेला आहे. आज पाठवतात. 'नमस्कार. १ जानेवारीपासून डबा ११० रुपये. रविवारी आणि महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी डबा बंद. मीठ, तेल, माप आहे तेच.'

पहिलं उत्तर दोन मिनिटांत. 'ओके ताई.' मग एक अंगठा. मग एक, 'दहा रुपये एकदम?' ताई त्याला लगेच उत्तर देत नाहीत. "उद्या देईन. आत्ता लिहिलं तर माफी मागून बसेन."

झोपायच्या आधी चवळी भिजत घालायची, नखांना खोबरेल लावायचं, गजर ४.५० चा. साडेनऊला दिवा बंद. सात तास वीस मिनिटं झोप. तीन वर्षांपूर्वी पाच तासही होत नव्हती.

९.३०

निघताना मी ताईंना विचारलं, गिऱ्हाइकांना काही सांगायचंय का, मी लिहीन. मला वाटलं, दराबद्दल सांगतील. त्या म्हणाल्या, "डबा विसळून द्या म्हणावं." तुमच्याकडे कुणाचा डबा येत असेल, तर तेवढं करा. साबण लागत नाही. नुसतं पाणी पुरतं.